नाताळची यादी : स्वयंपाकघराच्या नोंदी, डिसेंबर २०२४

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेहून घरी आलो तोच पुण्याहून धाकट्याचा फोन. "दादा, यंदा नाताळला काय पाहिजे ते लिहूनच पाठव. मागच्या वर्षीसारखं नको व्हायला." मागच्या वर्षी त्याने अंडी उकडायचं विजेचं यंत्र आणलं होतं. प्रेमाने आणलं होतं, पण आमच्याकडे अंडी गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, उकडतात आणि चांगली उकडतात. ते यंत्र अजून खोक्यात आहे.

पाच वर्षांपासून घरचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायको रुग्णालयात परिचारिका, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत देखभाल विभागात नोकरी केली. तिथे प्रत्येक यंत्राची वही असायची : तारीख, बिघाड, कारण, उपाय, बाकी. म्हणून ही यादीही वहीतच लिहितो. नुसतं मागून थांबायचं नाही, पंचवीस तारखेपर्यंत जे मार्गी लागेल ते लावायचं.

यादी अशी. आवाज न करणारा मिक्सर. एकशे ऐंशी म्हटलं की एकशे ऐंशीच असणारा ओव्हन. प्रत्येक डब्याला त्याचं स्वतःचं झाकण. आजीचं पितळी कातणं, जे दिवाळीच्या करंज्यांनंतर दिसलेलं नाही. आईच्या लग्नातल्या पितळी गंजाला कल्हई. टमाटर चेंगरण्याऐवजी कापणारी सुरी. तिसऱ्याच नव्हे, पहिल्याच मिनिटाला वाफ धरणारा कुकर. ओट्यावर मोबाइलचं एकही चार्जर नको. "आज काय करू?" या प्रश्नाला "काहीही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर, आठवड्यातून तीनदा तरी. आणि "वाढलंय" अशी हाक दिल्यावर पाच मिनिटांत सगळे टेबलाशी.

पोरीने वाचली आणि पोट धरून हसली. "पप्पा, ही यादी वाचून सांताक्लॉज रजेवर जाईल." हसू दे. मला यातलं एकेक खरंच पाहिजे आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

झाकणं. सगळी भांडी जमिनीवर मांडून मोजली. डबे २३, झाकणं १७, नीट बसणारी ११. बायकोला सांगितलं, तर संध्याकाळी ड्यूटीवरून येताना तिने लॉकरमधून चार झाकणं आणि एक डबा आणला. एक झाकण पोरीच्या दप्तरात निघालं. ज्या डब्यांना काहीच बसेना ते वेगळे काढून त्यांत खिळे, रबर, मेणबत्त्या भरल्या. आता १६ डबे, १६ झाकणं. प्रत्येक जोडीवर मार्करने एकच अंक लिहिला.

हे काम एका तासाचं होतं. पाच वर्षं का राहिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

ओव्हन. मागच्या नाताळचा केक वरून काळा आणि मधून ओला निघाला होता. आईने तसाच खाल्ला आणि "छान आहे" म्हणाली, ते मला फार लागलं.

कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून तारेचं डिजिटल थर्मामीटर आणलं. ओव्हन तपासायच्या आधी मापच तपासायला हवं, नाहीतर चुकीच्या फुटपट्टीने भिंत मोजल्यासारखं होईल. फुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून टोक बुडवलं : शून्य. खळखळत्या पाण्यात धरलं : नव्व्याण्णव. पोर म्हणाली, "पप्पा, शंभर पाहिजे ना?" नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी जरा आधी उकळतं, तीनशे मीटरला साधारण एक अंश. म्हणजे नव्व्याण्णव हेच बरोबर. तिने ते विज्ञानाच्या वहीत लिहून घेतलं.

मग टोक ओव्हनच्या मधल्या जाळीवर बांधलं, दार लावलं, चकती १८० वर. वीस मिनिटं तापू दिलं आणि दर पाच मिनिटांनी वाचलं : १९६, २१४, २२१, २०३, १९२, २११, २२२. म्हणजे आत सरासरी दोनशे आठच्या आसपास. चढउतार असणारच, कारण आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकली की वीज तोडते आणि थंड झाली की जोडते. पण आमची पट्टी उशिरा तोडते. गेल्या वर्षी केकच्या वरच्या थराचा कोळसा झाला आणि आतलं पीठ कच्चं राहिलं, त्याचं कारण हे.

चकती १५० वर आणून पुन्हा तेच केलं. १६८ ते १८९, सरासरी १७९. पोरीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका १५० वर लावला. आमच्या घरी आता तिथे १८० आहे. नवा ओव्हन घ्यायची गरज उरली नाही. रात्री छोटा साधा केक भाजून पाहिला, काडी कोरडी बाहेर आली. आईला पहिला तुकडा दिला. ती काही बोलली नाही, दुसरा मागितला.

७ डिसेंबर, शनिवार

कुकरचं रबर बदललं. जुनं काढून वाकवलं तर तडकलं. वाफ कडेने निसटत होती, आत दाबच धरत नव्हता. दाब धरला की आत पाणी एकशे वीस अंशांच्या आसपास जातं, म्हणून तर तूर इतक्या लवकर शिजते. आता शिटी वेळेवर.

सायकलवाला धारवाला गल्लीत आला. दोन सुऱ्या आणि आईची पावशी (विळी) लावून घेतली. टमाटर पाहिलं, सुरी नुसती ठेवली आणि ओढली, साल हूं की चूं न करता कापली गेली. दोन कामं संपली.

१० डिसेंबर, मंगळवार

यादीतली पहिली गोष्ट शेवटी उरते आहे, कारण ती बाजारात मिळत नाही.

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे झोपायच्या खोलीची भिंत. बायको रात्रपाळी करून नऊच्या सुमाराला येते, अंघोळ करून चहा पिते आणि दहा ते तीन झोपते. नेमका तोच माझा वाटणाचा वेळ. मिक्सर लावला की ती उठते. तिने एकदाही तक्रार केली नाही. पण मी दार ढकलून पाहिलं आहे, ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली असते. रात्रभर जागलेलं माणूस दुपारी दोन मिनिटांच्या खोबऱ्यासाठी जागं होतं, हे मला पटत नाही.

सगळं करून झालं. मिक्सरखाली गोधडी घातली, तो तापला. बाथरूममध्ये नेऊन लावला, आवाज दुप्पट घुमला. आदल्या संध्याकाळी वाटून फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळपर्यंत ओल्या खोबऱ्याची चव उतरली. दोन दुकानांत विचारलं. "कमी आवाजाचा आहे" म्हणत एकाने चालू करून दाखवला, तर बाजूचं गिऱ्हाईक दचकलं.

आज मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालताना मोगऱ्याची कुंडी सरकवली. खाली आजीचा पाटा.

११ डिसेंबर, बुधवार

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. पाटा आणि वरवंटा पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवून नेला. निघताना आई ओरडली, "अरे, काय करून राहिला तू? पाय चेपून घेशील!"

रस्त्याच्या कडेला नवे पाटे मांडून एक नवरा-बायको बसले होते. बाईने पाट्यावर तळहात फिरवला आणि म्हणाली, "दगड चांगला आहे जी, पण गुळगुळीत झाला. सरकून राह्यला माल." मग ती छिन्नी-हातोडी घेऊन बसली. टाकी लावणं मी लहानपणी आजीसमोर पाहिलं होतं, पण लक्ष देऊन आज पाहिलं. छिन्नी तिरपी धरते, एकाच अंतरावर, एकाच जोराने. प्रत्येक ठोक्याला तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडतो आणि बारीक धूळ उडते. एक ओळ डावीकडे तिरपी, पुढची उजवीकडे, म्हणजे वाटताना माल कडेला न पळता मध्ये येतो. वरवंट्यालाही हलकी टाकी लावली. तिचं लेकरू बाजूला झोपलं होतं. एवढ्या ठकठकीत झोपलं होतं, हे मी मनात टिपून ठेवलं.

चाळीस मिनिटं लागली. सांगितले तेवढे पैसे दिले, भाव केला नाही.

तिनेच सांगितलं : लगेच मसाला वाटू नका. घरी येऊन ब्रशने धुतला, जाडं मीठ वाटून टाकून दिलं, मग मूठभर तांदूळ वाटले. पहिली पेस्ट राखाडी निघाली, दुसरी फिकट, चौथी पांढरीशुभ्र. तेव्हा थांबलो.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ११. बायको झोपली आहे. पाटा स्वयंपाकघराच्या जमिनीवर, खाली घडी घातलेलं पोतं. हिरवी मिरची, लसूण, मीठ, भाजलेली फल्ली (शेंगदाणे), सांबार (कोथिंबीर).

मिक्सर कापतो, पाटा चिरडतो. मिरचीचं बी फुटतं, लसणाचा रस मिठाला लागतो, आणि फल्लीचं तेल सुटून वरवंट्याला चकाकी येते. आवाज येतो, पण तो घर्र-घर्र असा लांबचा, एका लयीत येतो. वीस मिनिटं वाटलं. मग हात धुऊन दार हळूच ढकललं.

तोंड भिंतीकडे, चादर खांद्यापर्यंत. गाढ.

तीन वाजता उठून आली, ज्वारीच्या भाकरीबरोबर चटणी खाल्ली आणि विचारलं, "अहो, आज मिक्सर नाही लावला?"

यादीतली पहिली गोष्ट : झाली. दंड भरून आले आहेत, पण ते दोन-चार दिवसांत सरावतील.

१५ डिसेंबर, रविवार

सदरकडे जाणंयेणं कठीण. राजभवनावर ३९ मंत्र्यांचा शपथविधी, उद्यापासून हिवाळी अधिवेशन. सगळीकडे बंदोबस्त, गाड्यांचे ताफे. उपासनेनंतर आतल्या गल्ल्यांतून घरी आलो.

आज केकची तयारी. काळ्या मनुका, पिवळ्या मनुका, खजूर, सुके अंजीर बारीक कापून संत्र्याच्या ताज्या रसात भिजवले आणि फ्रिजमध्ये ठेवले. रम नाही, आईला चालत नाही आणि मलाही संत्रंच आवडतं. नागपुरात राहून डब्यातली रंगीत टुटीफ्रुटी घालायची हे मनाला पटत नाही. सध्या अंबिया बहाराची काटोलकडची संत्री बाजारात आहेत. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, नखाने ओढली की एका तुकड्यात येते. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडला, साल लांब काड्यांत कापली. तीनदा उकळून तीनदा पाणी फेकलं, दर वेळी कडूपणा उतरत गेला. मग साखर आणि पाणी सम प्रमाणात, मंद आचेवर साल काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत. ताटात पसरून वाळत ठेवली. आई येता-जाता एकेक उचलते आहे. पाव किलोची दोनशे ग्रॅम राहिली.

धाकट्याचा पुन्हा फोन. "दादा, यादीतलं काय आणू?" वही समोर धरून पाहिलं, विकत आणायचं फारसं काही उरलं नव्हतं. त्याला सांगितलं, तू तेवीसला ये आणि चोवीसला दोन तास पाट्यावर बस. तो गप्प झाला, मग म्हणाला, "बरं."

१८ डिसेंबर, बुधवार

कल्हई. इतवारीत भांड्यांच्या गल्लीत एक म्हातारे कल्हईवाले बसतात. गंज घेऊन गेलो. हा गंज आईबरोबर तिच्या माहेरून आला. आतली कल्हई गेल्यापासून मी त्यात फक्त पाणी तापवतो. मागे एकदा त्यात ताकाची कढी केली आणि ती कळकली, हिरवट झाली, सगळी ओतावी लागली. पितळेतलं तांबं आंबटाला सोसत नाही, मध्ये कथलाचा थर लागतोच.

त्यांनी गंज आधी घासून घेतला, मग भट्टीवर उपडा फिरवत तापवला. भात्याचा पंखा आता विजेचा आहे. गंज पुरेसा तापला की नवसागराची पूड आत टाकली, पांढरा धूर भसकन निघाला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पुडीने धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी आतून नुसती टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याचा थेंब झाला आणि त्यांनी कापसाच्या बोळ्याने तो गोल फिरवला. काळ्या-पिवळ्या भांड्यात एका दमात चांदी पसरत गेली. बुडापासून काठापर्यंत, मधे कुठे हात न थांबता. मग पाण्यात बुडवला : चर्रर्र.

"पोरगं शिकलं नाही हे," ते म्हणाले. "तुम्ही आणत जा." मी आणत जाईन. घरी आणखी तीन पितळी भांडी आहेत, ती जानेवारीत.

आईने गंजात तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

रात्री साडेदहाला कॅरलची मंडळी येणार, असं पाळकसाहेबांकडून कळलं होतं. वीस जण म्हणाले, आले चौतीस. थंडी चांगलीच आहे. कल्हईच्या गंजात आणि दुसऱ्या पातेल्यात मिळून चहा केला, आलं पाट्यावर ठेचून. चिवडा दोन डबे संपला. शेवटच्या सहा जणांना चहा थांबून करावा लागला, तोवर ते दारात गात उभे राहिले. लहान पोरांच्या तोंडातून वाफ निघत होती. मोठा गंज हवा, चाळीस कपांचा.

बायको आज ड्यूटीवर. फोन लावून धरला, तिने वॉर्डाबाहेर उभं राहून एक गाणं ऐकलं.

२२ डिसेंबर, रविवार

केक आणि करंज्या. केकसाठी साखर जाळली, गडद तांबूस होऊन धूर धरायच्या बेताला आली की लगेच गरम पाणी ओतलं. गारच ओतलं तर फार उडतं, गरमही हात लांब ठेवूनच. चकती लाल ठिपक्यावर, एक तास दहा मिनिटं. वरून सपाट, कापल्यावर मनुका सगळीकडे सारख्या, बुडाला बसलेल्या नाहीत, कारण निथळून मैद्यात घोळवून घातल्या होत्या.

करंज्यांसाठी कोपरात (परातीत) मैदा मळला, सारण केलं, साटा लावला. कातणं नाहीच, म्हणून सुरीने कडा कापायला बसलो. पोर माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग खोलीत गेली. परत आली तेव्हा हातात कातणं. दिवाळीच्या सुट्टीत मातीच्या दिव्यांना नक्षी काढायला नेलं होतं, चाकात माती वाळून बसली होती, म्हणून सांगायला घाबरली होती. मी तिच्यावर रागावलो नाही. गरम पाण्यात ठेवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने माती काढली, चाक फिरलं. मग ते तिच्याच हातात दिलं. पहिल्या पाच-सहा करंज्यांच्या कडा वाकड्या आल्या, पुढच्या चाळीस सरळ. आजीही असंच कोपरापुढे एक पाय दुमडून बसायची.

२४ डिसेंबर, मंगळवार

धाकटा काल आला. आज सकाळी नऊला पाट्यावर बसला. धने, सुकं खोबरं, खसखस, शहाजिरं, दगडफूल, लवंग, मिरी, तेजपान आणि भिवापुरी मिरची, सगळं वेगवेगळं भाजून दिलं. एकत्र भाजलं की खसखस जळते आणि धने कच्चे राहतात. तो आधी हाताच्या जोराने वाटत होता, मग आईने खुर्चीवरूनच सांगितलं, "हाताने नाही बाप्पा, अंगाने ढकल." पाऊण तासाने वाटण मऊ होऊन पाट्याच्या कडेला तेल दिसलं. त्याचा टी-शर्ट घामाने भिजला, डिसेंबरात.

"आजी रोज करायची हे?" त्याने विचारलं.

"दोन्ही वेळा," आई म्हणाली.

बायकोला आज रात्रपाळी लागली. मध्यरात्रीची उपासना तिची हुकली. डब्यात करंज्या आणि केक दिला, वॉर्डातल्या सगळ्यांना पुरेल एवढा. डबा क्रमांक सात, झाकण क्रमांक सात.

२५ डिसेंबर, बुधवार

ती साडेनऊला आली. डबा आणि झाकण दोन्ही परत. अंघोळ करून थेट झोपली, आम्ही चर्चला गेलो आणि आलो. घरात कोणी टीव्ही लावला नाही.

मटणाचा रस्सा कल्हईच्या गंजात, कालच्या वाटणाचा. भात, पोळ्या, कांदा, लिंबू. ओट्यावर दोन चार्जर होते, ते मी काढले. म्हणजे ती एक बाब बाकी आहे.

अडीचला ती आपणच उठली. मी विचारलं, "संध्याकाळी काय करू?" तिने केस बांधता बांधता सांगितलं, "वांग्याचं भरीत. आणि भाकरी तुम्हीच थापा, जाड." काहीही म्हणाली नाही.

मग मी सराटा (उलथणं) गंजावर ठेवला आणि हाक दिली, "वाढलंय." घड्याळात दोन सत्तेचाळीस. धाकटा बाहेर फोनवर होता, त्याने फोन ठेवला. पोर आजीचा हात धरून आली. दोन पन्नासला पाचही खुर्च्या भरल्या होत्या आणि आई प्रार्थना करत असताना रश्शातून वाफ निघत होती.

बाकी : चार्जर. चाळीस कपांचा गंज. तीन भांड्यांची कल्हई, जानेवारी.